तुम्ही विचारलंत म्हणून: ३,००० रुपयांत कुठला कीबोर्ड घेऊ?

"ताई, पहिलाच मेकॅनिकल कीबोर्ड घेतोय, बजेट ३,०००, कुठला घेऊ?" हा मेसेज इतक्या वेळा येतो की आता नुसतं "ताई, पहिलाच" एवढं दिसलं तरी फोन पालथा ठेवावासा वाटतो. विचारणाऱ्याला लिंक हवी असते. मी लिंक देत नाही, उलट दोन-चार प्रश्न विचारते, मग तिकडून "बरं बघतो" येतं आणि पंधरा दिवसांनी थेट फोटो, बटणांखालून सात रंगांचे दिवे लागलेत गणपतीच्या मखरासारखे, आणि खाली "घेतला एकदाचा". छान. मग मला विचारलंत कशाला?

तर एकदाच सगळं लिहून ठेवते, पुढच्याला हेच पाठवीन. (मेकॅनिकल म्हणजे ज्याच्या प्रत्येक बटणाखाली आपापला वेगळा स्विच असतो तो कीबोर्ड.)

मी काही यातली जाणकार नाही. घरी बसून मराठी टायपिंगची कामं घेते, हस्तलिखितं, संस्थांचे अहवाल, कुणाचा प्रबंध, पानाप्रमाणे पैसे. मूळची टायपिंग इन्स्टिट्यूटमधली, गोदरेजच्या टाइपरायटर मशीनवर ३०च्या स्पीडची परीक्षा दिलेली, मग कॉम्प्युटर आल्यावर ते सगळं विसरून इनस्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरची मराठी अक्षरांची मांडणी, शिकले. आणि हो, हल्ली फोनसमोर बोललं की आपोआप टाइप होतं हे मला माहितीये, हेही तुम्ही दर वेळी सांगता. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं थरथरतं अक्षर, मध्येच समासात बाण काढून लिहिलेलं, ते फोनला एकदा वाचून दाखवा आणि मग बोलू.

मेकॅनिकल मी हौसेने घेतला नाही, असं मी सगळ्यांना सांगते. लॅपटॉपचं डीचं बटण गेलं होतं. इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं बटण, साधं "त्यांच्या" लिहायला ते दोनदा लागतं. काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला अशी ती वाटणी, आणि तिच्यात डाव्या मधल्या बोटाखालचा हा डी दिवसभर घाण्याला जुंपलेला. दुरुस्तीवाला म्हणाला एकटं बटण बदलता येत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल, २,२०० होतील. म्हटलं मग ज्याचं एकेक बटण वेगळं काढता येतं तोच का घेऊ नये? हिशोब बरोबर होता. आजही बरोबरच होता म्हणते. पण खरं सांगू का, तोवर महिनाभर मी रात्री कानात हेडफोन घालून कीबोर्डचे व्हिडिओ बघत होते, बघत कसले, ऐकत होते, कारण तो आवाज आला की इन्स्टिट्यूटमधली संध्याकाळची बॅच आठवायची, वीस मशीनं एकदम. लॅपटॉपचं बटण हे निमित्त झालं.

म्हणून ब्लू घेतला. हे ब्लू, ब्राउन, रेड म्हणजे बटणाच्या आतल्या स्विचचे रंग, पद्धत जर्मनीच्या चेरी कंपनीची, तिच्या ऐंशीच्या दशकातल्या एमएक्स स्विचची. पेटंट संपलं तसे चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि म्हणून तुमच्या-माझ्या बजेटमध्ये हे प्रकरण आलं. रेड सरळ खाली जातो, ब्राउनला मध्ये बोटाला जरासा खडा लागल्यासारखं होतं, ब्लूला तो खडाही लागतो आणि टिक असा आवाजही होतो. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जातं आणि अक्षर २ मिलिमीटरलाच उमटतं, म्हणजे पूर्ण दाबायची गरजच नाही, पण मशीनवर शिकलेल्या बोटांना हे कोण सांगणार, मी तर प्रत्येक बटण तळाला नेऊन आपटते. म्हणजे टिक आणि वर ठक. पहिल्याच रात्री साडेअकराला हॉलमधून सासूबाईंचा आवाज, "पाऊस आला का गं? पत्र्यावर वाजतंय." फेब्रुवारी होता. आमचं घर वन बीएचके. त्या व्हिडिओतल्या कुणाच्याही घरात सासूबाई झोपलेल्या नव्हत्या.

पण तेही चाललं असतं. खरी गोष्ट पुढची आहे आणि ती मी फारशी कुणाला सांगत नाही.

कीबोर्ड घेतल्याच्या आठव्या महिन्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र घेतलं होतं, १८० पानं. पहिली ४० टाइप करून प्रिंट पाठवली. परत आली ती लाल पेनाने भरलेली. डी दोनदा उमटत होता. स्विचच्या आत धातूची बारीक पट्टी असते, ती घाणीने म्हणा, वापराने म्हणा, नीट टेकेनाशी झाली की एकदा दाबलेलं दोनदा मोजलं जातं. इंग्रजीत दोन डी आले तर कुणी फार मनावर घेणार नाही, मराठीत मोडलेला पाय परत मोडला की जोडाक्षरच फुटतं आणि मध्ये टिंबाटिंबांचा एक गोल येतो. सरांनी प्रत्येक टिंबाटिंबांच्या गोलाभोवती लाल गोल काढला होता. पहिल्या पानावर समासात "हे काय?" दुसऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. दहाव्या पानानंतर समासात काही नाही, फक्त गोल, आणि ते जास्त लागलं.

मला कसं दिसलं नाही असं विचाराल. नजर कागदावर ठेवायची, बोटांकडे नाही आणि समोरही नाही, ही इन्स्टिट्यूटची शिस्त, मॅडम पट्टी घेऊन उभ्या असायच्या. त्या शिस्तीचा मला आयुष्यभर अभिमान.

रात्रभर बसून हाताने एकेक दुरुस्त केलं. सकाळी भाचा आला, म्हणाला, "मावशी, दोनाचं एक करायला फाइंड-रिप्लेस आहे की," आणि उरलेलं त्याने चहा गार व्हायच्या आत संपवलं. पण डी कधीकधी उमटतच नव्हता, "आमच्या"चं "आमचया" झालेलं, ते काही कुठल्या रिप्लेसने सापडेना, ते डोळ्यांनीच शोधावं लागलं. त्यातले तीन तरीही राहिले. सरांनी तेही शोधले.

मग आली ती माझी हुशारी. कीबोर्ड हॉट-स्वॅप होता, म्हणजे चिमट्याने स्विच उपटायचा, दुसरा दाबून बसवायचा, सोल्डरिंग नाही. मी दहा ब्राउन मागवले, दुसऱ्या कंपनीचे, नावाजलेले. मनात होतं की डी बदलू आणि जमलं तर हळूहळू सगळेच बदलून पावसाळा थांबवू. ते पाच पिनांचे निघाले, बोर्डाला तीनच भोकं. दोन पिना नुसत्या प्लॅस्टिकच्या असतात, त्या नेलकटरने कापल्या, इथपर्यंत ठीक, हे सगळेच करतात. पण स्वस्त बोर्डांवर हॉट-स्वॅप लिहिलेलं असलं तरी आतली सॉकेटं सगळी सारखी नसतात. काहींत खालून मोठं सॉकेट सोल्डर केलेलं असतं, त्यात जवळपास कुठलाही स्विच बसतो. माझ्यात नुसत्या धातूच्या बारीक नळ्या, मूळच्या स्विचच्याच कंपनीच्या बारीक पिनांपुरत्या. हे खोक्यावर कुठेच नव्हतं. पहिल्या स्विचची पिन वाकली. दुसऱ्याचीही वाकली. तिसऱ्याला मी अंगठ्याने जोर दिला, कट्‌ असा आवाज झाला आणि नळी बोर्डाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली, सोबत तांब्याचा पातळ पापुद्रा घेऊन.

आणि त्याच बोर्डावर वर उजव्या कोपऱ्यात स्क्रोल लॉक होता. आठ महिन्यांत एकदाही न दाबलेला, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, कोरा स्विच. तो काढून डीमध्ये घालायचा, बस. एक रुपया लागला नसता.

हे मला कधी सुचलं? पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, रांगेत उभं असताना. तिथल्या माणसाने बोर्ड उघडून बघितला, मला एक लुक दिला, आणि माझाच एक ब्राउन कायमचा सोल्डर करून, फाटलेल्या जागेवरून शेजारच्या बटणापर्यंत बारीक तार ओढून १५० रुपयांत चालू करून दिला. म्हणजे एकेक बटण बदलता यावं म्हणून घेतलेल्या कीबोर्डात जे सगळ्यात जास्त झिजतं तेच बटण आता बदलता येत नाही. ८६ बटणं टिकटिकतात आणि जोडाक्षर आलं की मध्ये एक मुका ठोका पडतो.

आता तुम्ही म्हणाल की मग लॅपटॉपचाच २,२०० देऊन बदलला असता तर? माझा २,७९९चा होता, वर स्विच, वर १५०, वर सरांनी दुसरं काम दिलं नाही ते वेगळंच. त्या वेळच्या मला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती की लॅपटॉपचा डी परत वर्षात गेला असता, आणि तेही खोटं नाही. आमचं दोघींचं यावर एकमत होत नाही.

म्हणून मी लिंक देत नाही. मी विचारते, रात्री टाइप करता का आणि त्या खोलीत कोण झोपतं? सॉकेट कसलंय ते विकणाऱ्याला विचारलंत का, नुसतं "हॉट-स्वॅप" हे उत्तर धरू नका. छोटासा ६१ बटणांचा दिसायला गोड असतो पण त्याला बाण नाहीत, होम-एंड नाही, सगळं दुसरं बटण दाबून धरून, आणि मुद्रितं तपासायची असतील तर तासाभरात रडाल. ८७वाला बघा, त्यात फक्त आकड्यांचा भाग नसतो. दिव्यांचे पैसे देऊ नका. ३,००० असतील तर अडीचचाच घ्या, वरचे हाताशी ठेवा. एवढं विचारलं की लोकांना वाटतं ताई भाव खातायत. खात असेन.

परवापासून ईचं बटण अडखळतंय, म्हणजे काना. या वेळी रात्रच आहे, दुकानं बंद, आणि मला अक्कल आलेली. स्क्रोल लॉक उपटला, तिथे घातला, दोन मिनिटांत काम झालं. पॉज आणि उजवा कंट्रोल अजून शिल्लक आहेत.