शेवटची तारीख कापलेला फोटो

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो दाखवला. सबसिडीची नोटीस होती, कुणीतरी पंख्याखाली टेबलावर ठेवून काढलेला फोटो, कागदाचा खालचा कोपरा वाऱ्याने दुमडलेला आणि शेवटची तारीख नेमकी त्याच कोपऱ्यात. चार ग्रुप फिरून तो आमच्या वाड्यावर पोचला तोवर मुदत संपून पाच दिवस झालेले. काका काही बोलले नाहीत, कृषी कार्ड परत प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. मला ते बघवलं नाही.

धोरणं काय, येतातच. २०२५ मध्ये गोव्याचं अमृतकाल कृषी धोरण आलं, पीएम किसानचे वर्षाला ६००० तीन हप्त्यांत येतात हे तर पोरांनापण पाठ आहे. अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या कागदावर, नऊ नावं, दोघं मुंबईत, एकाचा पत्ताच नाही, मग सही कुणाकुणाची आणायची? हे ज्याने गेल्या वर्षी फॉर्म भरला त्यालाच माहीत असतं.

म्हणून अशी माहिती वेळेत पोचवायला आम्ही गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या सहा गावांतून एकेक माणूस धरलाय. नियम एकच, विभागीय कृषी कार्यालयात फोन करून विचारल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही, आणि पाठवायचं ते व्हॉइस मेसेजने, आपल्या बोलीत, तारीख दोनदा सांगून. जे मोबाईल वापरत नाहीत त्यांना सकाळी दूध घालायला आले की तिथेच सांगायचं.

आता हद्दीपलीकडचे, महाराष्ट्रातल्या दोडामार्गातले दोघं पण जोडले गेलेत आणि मला वाटतं हेच सगळ्यात मोलाचं झालं. तिळारी धरणाचं पाणी ७३.३० टक्के गोव्याचं, बाकी महाराष्ट्राचं, पण धरण एकच, त्यामुळे दुरुस्तीसाठी पाणी बंद होणार असेल तर ते आम्हाला आधीच कळवतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ओंकार नावाचा रानटी हत्ती पेडण्यात आला, भातात शिरला, तेव्हा आमच्याकडे कुणाला काही सुचेना, त्यांनी मात्र कित्येक वर्षं हे सोसलंय. त्यांनीच फोनवर सांगितलं, आडवं पडलेलं भात उचलू नका, आधी फोटो काढा, पंचनामा होईपर्यंत शेताला हात लावू नका.

सत्तरी तालुक्यातलं अजून कुणी मिळालेलं नाही. वाळपईच्या बाजूला काजू-सुपारी करणारं कुणी ओळखीचं असेल तर काजूचा हंगाम सुरू व्हायच्या आत सांगा.