तुम्ही विचारलंत म्हणून: तिने निरांजन का फुंकलं

लेकीच्या लग्नाला अडीच वर्षं होत आली. तरी सांगलीला, वाईला, पुण्याला कुणाकडेही गेले की चहाच्या आधी प्रश्न येतो, "इंग्लंडमधल्या यॉर्कच्या त्या जुन्यापुराण्या हॉलमध्येच लग्न करायचं काय अडलं होतं?" माणूस जवळचं असेल तर लगेच दुसरा, खरा प्रश्न: "नवऱ्या मुलीने स्वतःच्या लग्नात दिवा फुंकला म्हणे?" हो, फुंकला. वन्संच्या फोनवर ते आहे, म्हणजे आता सगळ्यांच्याच फोनवर आहे. एकदाच काय ते लिहून टाकते.

जावई कोण, कुठला, ते तुम्हाला माहीत आहे. पैशाचंही सोडा, मी चौकशी केलेल्या हॉटेलांपेक्षा हा हॉल महाग नव्हता.

हॉल लेकीने निवडला. जुन्या लाकडी इमारतींची दुरुस्ती हेच तिचं काम. हा चौदाव्या शतकाच्या मध्यातला. देवगिरीचं यादवांचं राज्य बुडून तीस-चाळीस वर्षं होत होती, तेव्हा या तुळयांचे ओक तोडले गेले. शिवाजीमहाराजांचा जन्म व्हायला अजून अडीचशेहून जास्त वर्षं होती. पहिल्यांदा हॉल दाखवायला नेलं तेव्हा तिने माझं बोट धरून एका खांबावर ठेवलं. सुताराने कोरलेली खूण होती, रोमन आकड्यासारखी. आधी जमिनीवर सगळा सांगाडा जुळवून बघायचा, प्रत्येक सांध्यावर अशी खूण करायची, मग सुटा करून वर चढवायचा. ओक ओला असतानाच तासायचा, सांधे लाकडी खुंट्यांनी ठोकायचे. पुढे वाळताना लाकूड आपसूक आवळत जातं. ती सांगत होती आणि मी बोहलं कुठे मांडता येईल ते बघत होते. तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

आत ज्योत चालणार नाही, साधी मेणबत्तीसुद्धा नाही, ही अट पहिल्या दिवसापासून होती. त्या गावाला आगीची भीती शिकवावी लागत नाही. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात तिथल्या गिल्डहॉलचं, म्हणजे गावाच्या जुन्या सभागृहाचं, छप्पर जळालं, ते पुन्हा उभं राहून सभागृह उघडायला 1960 उजाडलं. 1984 साली मोठ्या चर्चच्या, मिन्स्टरच्या, दक्षिणेकडच्या भागाचं छप्पर आगीत गेलं. दुसरी अट सरकारी: अशा जागी रजिस्ट्रारसमोर होणाऱ्या लग्नात धार्मिक विधी करता येत नाहीत. म्हणून आधी सह्या, त्या बाई गेल्यावर अंतरपाट. त्याचं मला काहीच वाटलं नाही.

होम बाहेर बागेत करायचा ठरला होता. ऑक्टोबरचा शनिवार. अक्षता पडल्या तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. कुंडात समिधा पेटल्या, माझ्या मुलाने बहिणीच्या ओंजळीत पहिल्या लाह्या घातल्या आणि पाऊस आला, आडवा. आम्ही छत्र्या धरल्या. धुराने गुरुजींच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुसऱ्या आहुतीच्या लाह्या भिजून तिच्या तळहातालाच चिकटल्या. कुंडात पाणी साचून तूप वर तरंगायला लागलं. गुरुजी म्हणाले, "आत चला. सप्तपदी आत करू, अग्नीचं मनात स्मरण करू."

सासूबाई चाकांच्या खुर्चीत होत्या, 84 वर्षांच्या, या लग्नासाठी सांगलीहून आलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, साक्षीला अग्नी नको का?"

मी पिशवीतून चांदीचं निरांजन काढलं. तुपात भिजवलेली फुलवात त्यात होतीच. पदराआड काडी ओढली आणि तांदळाच्या सात राशींशेजारी ते ठेवून दिलं. विसरून केलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. अट मी स्वतः वाचली होती. एवढीशी ज्योत, पाच मिनिटांचा प्रश्न, कोण बघतंय, असा विचार मी केला होता.

तिसऱ्या पावलाला तिने बघितलं. आधी मान वर करून तुळयांकडे, मग खाली. "आई, उचल ते." मी म्हटलं, "चार पावलं राहिली, होऊ दे." दारापाशी बसलेले हॉलचे वयस्कर गृहस्थ उठून आमच्याकडे यायला लागले. ते पोचायच्या आत ती शालू सावरत गुडघ्यांवर बसली आणि फुंकर मारली.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. उरलेली चार पावलं झाली. मला त्यातलं एकही आठवत नाही.

रात्री मी तिला बोलले, "लाकडाची एवढी माया, माणसांची नाही." ती म्हणाली, "त्या लाकडाची जबाबदारी मी घेतली होती, आई. आणि तू मला विचारलंही नाहीस."

आता तुम्ही म्हणाल, मग चूक कुणाची? आमचे दीर वकील, ते 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम 7 दाखवतात: सप्तपदी अग्नीसमोर, सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. लग्न इंग्लंडच्या कायद्याने नोंदलेलं आहे, त्याला काही धक्का नाही, हे त्यांनाही कळतं. मला कायद्याची चिंता नव्हतीच कधी.

आमच्या वाईच्या वाड्यातही होम माजघरात होत नसे. चौकात व्हायचा, आभाळाखाली. शनिवारवाडा 1828 च्या आगीत गेला, दगड तेवढे राहिले. लाकूड आणि विस्तव यांचं आपल्यालाही ठाऊक आहे. मग त्या दिवशी मला ते का आठवलं नाही? असं स्वतःला दटावते, आणि लगेच दुसरं मन म्हणतं, देवघर माजघरातच होतं की, तिथे रोज सांजवात लागायची, कुठे काय जळालं? आणि तरी, उचलून बाहेर नेता आलं असतं तिला ते. ओढून चिमटीत शांत करता आलं असतं. तोंडाने फुंकायला नको होतं. हे मी आजही म्हणते. ती म्हणते, विचार करायला वेळ होता कुठे.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

हॉल निवडला त्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा कुणी तिथे लग्न करणार असेल तर कराच म्हणेन, फक्त पावसाचा विचार आधी करा, आणि होमाचं काय ते घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवा. आमचं ते राहून गेलं. गुरुजी म्हणाले आहेत, सांगलीला दोघं आली की राहिलेला लाजाहोम अंगणात करून घेऊ. मी तिला निरोप दिला. ती "बघू" म्हणाली. त्यानंतर मी विचारलेलं नाही.