वडशाच्या वाटेवर: मंडळांनी पैसे भरून काढलेल्या कॅसेटी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा रस्ता धरला की वैनगंगेच्या पुलापलीकडे वडसा लागतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, मंडई नावाची गावजत्रा भरते, दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे खेळ उभे राहतात, वडशातल्या नाटक कंपन्यांकडे तारखा ठरवायला माणसं येतात. जायचं तर याच दिवसांत जावं, मंडळाची माणसं गावात सापडतात. आम्ही गेलो ते जुन्या कॅसेटींसाठी. भजन मंडळांनी आणि दंडारीच्या चमूंनी स्वतः पैसे भरून काढलेल्या कॅसेटी.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची आणि ती दाबायला कारखानाच लागायचा. 1980 च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि हे काम दुकानाच्या मागच्या खोलीत होऊ लागलं. मंडळाने पैसे भरायचे, दुकानदाराने रेकॉर्डिंग करून ठरलेल्या प्रती द्यायच्या. अशा छोट्या लेबलांची दप्तरं सहसा सापडत नाहीत. जो काही इतिहास उरला आहे तो कव्हरवर आणि फितीत.

कव्हरवर आधी पत्ता वाचावा. वडशापुढे ‘जि. चंद्रपूर’ छापलं असेल, तर मजकूर बहुधा 26 ऑगस्ट 1982 च्या, म्हणजे गडचिरोली जिल्हा होण्याच्या आधीचा. आमगाव किंवा देवरीपुढे ‘जि. भंडारा’ असेल तर 1 मे 1999 च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोंदिया वेगळा झाला. जुनी कव्हरं पुढेही वापरली जातात, त्यामुळे यावरून वर्ष पक्कं होत नाही, अंदाज मात्र चांगला येतो. कॅसेटच्या पाठीवरची खाच बुजवली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता येतं, म्हणून ती चिकटपट्टीने बुजवलेली दिसली तर आत नंतर दुसरंच काही भरलेलं असण्याची शक्यता धरावी.

वाजवण्याआधी खिडकीतून फितीची कड नीट पाहावी. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये घालूच नये, फितीवरचा आवाज वाचणारं हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. मे महिन्याच्या उन्हात कवच वाकलेलं असेल तर फीत अडकते. पाच स्क्रूचं कवच उघडून फीत दुसऱ्या कवचात बसवता येते. चिकटवलेलं कवच मात्र सांध्यावर फोडावं लागतं, त्याला धीर हवा. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळलेला असतो, कारण त्याचा डिंक वाळतो. मग फीत हेडला टेकत नाही आणि आवाज दबतो. एखाद्या निकामी कॅसेटमधला तुकडा काढून तिथे लावावा.

एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून मगच वाजवावं. हेडचा कोन स्क्रूने अगदी थोडा-थोडा फिरवावा आणि टाळांचा आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबावं. भजनाच्या कॅसेटीत टाळाइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. डेकवरचं डॉल्बी, म्हणजे फितीची खरखर कमी करणारं बटण, बंद ठेवावं.

खरी अडचण वेगाची. फितीचा ठरलेला वेग सेकंदाला 4.76 सेंमी. गावात रेकॉर्डिंग करताना सेल उतरलेले असले तर मोटर हळू फिरायची. तीच कॅसेट आज नीट डेकवर लावली की भजन घाईत आणि चढ्या सुरात ऐकू येतं. वेगात सुमारे 6 टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. विजेच्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीवरून वेग लावावा, तर तेव्हा ग्रिडची फ्रिक्वेन्सी 49 च्या खालीही जायची. आम्हाला पेटीचा आधार जास्त वाटतो. मंडळाची जुनी पेटी अजून असेल तर गायक कोणत्या पट्टीत गायचा ते विचारावं, ती पट्टी दाबून तिचा सूर मोजावा आणि संगणकावर वेग तिला जुळवावा. पेटी मध्ये दुरुस्त करून घेतली असेल तर हा ताळा लागत नाही.

प्रत 24 बिट, 48 किलोहर्ट्झ वेव्ह फाइलमध्ये घ्यावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण 1 जीबी लागतो. खंजिरीच्या थापेला आवाज फाटतो, म्हणून पातळी आधी सर्वांत जोरकस भजनावर लावावी. मूळ रेकॉर्डिंगमध्येच फाटलेला असला तर तो नीट होत नाही, तसाच ठेवावा. वेग बदललेली फाइल वेगळी करावी, मूळ फाइलला हात लावू नये.

कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून पत्ता छापला आहे तसाच, चुकांसकट, उतरवून घ्यावा. कॅसेट मंडळाला परत द्यावी, सोबत पेन ड्राइव्हवर एमपी-थ्री प्रतही.