टकर दिलाच कसा, आणि त्याच्या बदल्यात हे तिघं?

ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल संघाने काइल टकर शिकागो कब्जना का दिला, हे तुम्ही विचारलंत म्हणून. बेसबॉलचा हंगाम संपला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: इतका चांगला खेळाडू संघ हातचा सोडतोच कसा? आणि नवा हंगाम सुरूही झालेला नसताना सौदा कुणाला फायद्याचा पडला यावर तुम्ही लोक एवढं भांडता तरी कशाच्या जोरावर?

विचारणारे बहुतेक आयपीएलच्या लिलावावर वाढलेले असतात. तिथे २०२५ साठी प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये लिलाव नाही आणि थैलीला पक्की मर्यादाही नाही. सुरुवातीची सहा वर्षं खेळाडूला स्वतःचा संघ निवडता येत नाही. ती भरली की मात्र तो कुणाशीही बोलणी करायला मोकळा. भांडणाचं मूळ या सहा वर्षांत आहे, म्हणून एकच सौदा घेऊन बोलू.

डिसेंबर २०२४ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी काइल टकर शिकागो कब्जना दिला. बदल्यात इसाक पारेदेस, पिचर (चेंडू फेकणारा) हेडन वेस्नेस्की आणि त्याच वर्षी जुलैत ड्राफ्टच्या, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेला कॅम स्मिथ आले. टकर या चौघांत उघडउघड सरस होता. पायाचं हाड मोडल्यामुळे २०२४ मध्ये तो ७८ च सामने खेळला, पण तेवढ्यातही अनेकांच्या पूर्ण हंगामापेक्षा जास्त काम करून गेला. ह्यूस्टनचे चाहते भडकले ते साहजिक होतं.

आता वर्षं मोजा. मेजर लीगच्या यादीत १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष, आणि हंगाम असतो साधारण १८७ दिवसांचा. पहिली तीन वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास, २०२५ मध्ये ती ७ लाख ६० हजार डॉलर होती. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स त्या वर्षी सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी ठरला तो ८ लाख ७५ हजारांच्या पगारावर. पुढची तीन वर्षं लवादाची. संघ एक आकडा देतो, खेळाडू एक देतो. सुनावणीपर्यंत गेलंच तर लवाद दोन्हींपैकी एकच उचलतो, मधला काढत नाही. त्यामुळे दोघांनाही फार ताणता येत नाही आणि बहुतेक प्रकरणं आधीच मिटतात.

या १७२ मध्येही खेळ चालतो. २०१५ मध्ये कब्जनी क्रिस ब्रायंटला हंगामाचे पहिले काही दिवस खालच्या लीगमध्ये ठेवलं. त्याचे १७१ दिवस भरले, एक कमी, आणि संघाला त्याचं आख्खं एक वर्ष जास्तीचं मिळालं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२२ च्या करारात यावर उतारा काढला. नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष मोजून मिळतं. स्कीन्स २०२४ मध्ये ११ मे रोजी वर आला तरी याच नियमाने त्याचं वर्ष भरलं.

टकरचं एकच वर्ष उरलं होतं, पगार १ कोटी ६५ लाख डॉलर. पारेदेसची तीन उरली होती, स्मिथची तर सहाच्या सहा. सौद्यात खेळाडूच्या नावाबरोबर ही उरलेली वर्षंही जातात, आणि वाद घालणारे निम्मे लोक नावापाशीच अडकतात.

किंमत काढायला सगळे ‘वॉर’ हा आकडा वापरतात. किमान पगारावर कधीही मिळेल अशा बदली खेळाडूच्या तुलनेत याने किती विजय जास्तीचे दिले, एवढंच तो सांगतो. सगळा संघ बदली खेळाडूंचा असेल तर १६२ पैकी सुमारे ४८ सामने जिंकेल असं धरलेलं आहे, आणि साधारण दहा धावा म्हणजे एक विजय. फटकेबाजी, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण यांच्या धावा जमवायच्या आणि खेळाडू मैदानात कुठल्या जागी उभा राहतो त्याचा फरक घालायचा. पूर्ण हंगामासाठी शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसमधली अवघड जागा) साडेसात धावा अधिक, फर्स्ट बेसला (सोपी जागा) साडेबारा वजा. म्हणजे फटकेबाजी तीच आणि दोघंही आपापल्या जागी सरासरी क्षेत्ररक्षक असतील, तरी नुसत्या जागेमुळे दोन विजयांचा फरक पडतो. फर्स्ट बेसवाल्याचे तीस होमरन (कुंपणापार गेलेले फटके) पाहून हरखणाऱ्यांनी हे आधी बघावं.

पिचरच्या बाबतीत दोघं वेगवेगळे आकडे घेऊन भांडत असतील तर आकडा कुठला ते विचारा. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाचं वॉर प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून निघतं आणि मागच्या क्षेत्ररक्षणाचा हिशेब त्यातून वजा करतं. फॅनग्राफ्स हे दुसरं संकेतस्थळ ‘फिप’वर चालतं: होमरनला १३ ने गुणा, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला फुकट मिळालेला बेस) आणि अंगावर लागलेले चेंडू यांना ३ ने, त्यातून स्ट्राइकआउटची (पिचरने एकट्याने बाद केलेल्यांची) दुप्पट वजा करा, इनिंग्जनी भागा आणि ३ च्या आसपासचा स्थिरांक मिळवा. मैदानात पडलेल्या चेंडूंचं काय झालं ते यात येतच नाही. पिचर तोच, हंगाम तोच, आणि दोन ठिकाणी दीड-दोन विजयांचं अंतर दिसू शकतं. माझं मत असं की पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा तर फिप, गेल्या वर्षी काय झालं हे सांगायचं तर धावा. पुरस्काराच्या वादात फिप काढणारा माणूस मला तरी पटत नाही.

हिवाळ्याच्या बाजारात एका विजयाला ८० ते ९० लाख डॉलर पडतात असं चाहते ढोबळपणे धरतात. आपण ८५ घेऊ. टकर पाच विजयांचा माणूस, म्हणजे सव्वाचार कोटींचं काम. पगार वजा केला की २ कोटी ६० लाखांचा फायदा. पारेदेस वर्षाला अडीच विजय धरला तर तीन वर्षांत साडेसात, म्हणजे सुमारे ६ कोटी ४० लाख. लवादाचा पगार दरवर्षी चढतो (२०२५ चा ६६ लाख २५ हजार होता), तो तीन वर्षांचा मिळून तीन कोटी धरला तरी उरतात ३ कोटी ४० लाख. कागदावर एकटा पारेदेसच टकरला भारी पडतो आणि वेस्नेस्की, स्मिथ वर मिळालेले. ह्यूस्टनने टकर का दिला याचं उत्तर बऱ्याच अंशी या बेरजेत आहे.

पण या बेरजेवर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. मैदानावरच्या यादीत २६ जागा असतात. अडीच विजयांचे दोघं दोन जागा अडवतात, पाच विजयांचा एकच अडवतो आणि दुसऱ्या जागी आणखी कुणी खेळू शकतो. शिवाय यंदा जिंकायचं असलेल्या संघाला २०२७ चा विजय आज कामाचा नाही.

दुसरी गोम मैदानाची, आणि पारेदेस हे तिचं नमुनेदार उदाहरण. हा उजव्या हाताचा बॅटर. चेंडूला मार फार जोराचा नसतो, पण तो हवेत उचलून डाव्या रेषेलगत ओढतो. टँपा बे रेज संघाकडे असताना २०२३ मध्ये याच पद्धतीने त्याने ३१ होमरन काढले. जुलै २०२४ मध्ये तो कब्जकडे आला. त्यांच्या रिग्ली फील्ड या मैदानात डाव्या रेषेवरचं कुंपण ३५५ फुटांवर आहे. त्याचे नेहमीचे फटके कुंपणाच्या अलीकडे फील्डरच्या हातात पडू लागले आणि कब्जकडून ५२ सामन्यांत तीनच होमरन झाले. ह्यूस्टनला त्याच कोपऱ्यात क्रॉफर्ड बॉक्सेस ही प्रेक्षकांची बैठक आहे, तिच्यापुढची भिंत १९ फूट उंच पण अंतर फक्त ३१५ फूट. ह्यूस्टनकडून २०२५ मध्ये १०२ सामन्यांत २० होमरन आले. माणूस तोच, फटका तोच. वॉरमध्ये मैदानाची दुरुस्ती असते, पण ती सगळ्यांना सरसकट. एखाद्याची बॅट नेमक्या त्या कोपऱ्यासाठी घडलेली असेल तर ते त्या आकड्यात येत नाही. कब्जना तो जेवढ्याचा होता त्याहून ह्यूस्टनला जास्त मोलाचा होता, म्हणून तर सौदा जुळला.

तिसरी भानगड दुखापतींची. वेस्नेस्कीच्या कोपरावर मे २०२५ मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि त्यातून उठायला वर्ष ते दीड वर्ष जातं. लोक इथे म्हणतात, काही हरकत नाही, त्याची वर्षं बाकी आहेत. पण मेजर लीगच्या दुखापतींच्या यादीतले दिवस सेवेत धरले जातात आणि पगारही पूर्ण द्यावा लागतो. घड्याळ थांबत नाही. पारेदेसचीही जुलैत मांडी दुखावली. तिकडे टकरच्या हाताचं हाड जूनमध्ये तडकलं आणि उत्तरार्धात त्याची बॅट थंडावली, तरी हंगामअखेर वॉर साडेचारच्या आसपास भरलं. स्मिथ वर्षाच्या आत थेट मेजर लीगमध्ये उतरला, थर्ड बेस सोडून राइट फील्ड शिकला, पण दुसऱ्या अर्ध्यात पिचरांना त्याचा अंदाज आला. कब्जनी ९२ सामने जिंकले आणि प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) गाठली. ॲस्ट्रोज ८७ वर थांबले, २०१६ नंतर पहिल्यांदा बाहेर.

लांबलचक करारांचा प्रश्न वेगळा आहे, पण तोही विचारला जातो म्हणून थोडक्यात. तिशीनंतर दर वर्षाला अर्धा विजय कमी धरायचा, म्हणजे दहा वर्षांच्या कराराच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत काही उरत नाही हे संघालाही ठाऊक असतं. आल्बर्ट पुजोल्स या फटकेबाजाचा एंजल्स संघाशी झालेला दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरांचा करार आठवा. आणि जाहीर झालेला आकडा खरा धरू नका. डॉजर्स संघाच्या शोहेई ओहतानीच्या ७० कोटी डॉलरांपैकी ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये बिनव्याजी मिळायचे आहेत, त्यामुळे लक्झरी टॅक्ससाठी (पगाराचा खर्च ठरावीक रेषेपुढे गेला की संघाने भरायचा कर) डॉजर्सच्या नावे वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाखच लागतात. २०२५ मध्ये त्या टॅक्सची पहिली रेषा २४ कोटी १० लाखांवर होती.

नोव्हेंबरात दिसणाऱ्या किरकोळ, अनाकलनीय देवघेवींमागे बहुधा ४० जणांची यादी असते, म्हणजे मैदानावरच्या २६ जणांसह संघाने राखून ठेवलेले खेळाडू. त्यात जागा न मिळालेला पात्र तरुण डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा संघ १ लाख डॉलर भरून उचलू शकतो, मात्र त्याला वर्षभर मेजर लीगच्या यादीत ठेवण्याची अट असते. म्हणून संघ फुकट जाण्यापेक्षा काहीतरी घेऊन देतात. खेळाडूच्या ‘ऑप्शन’, म्हणजे त्याला खालच्या लीगमध्ये पाठवता येईल अशी वर्षं, किती उरल्यात तेही पाहा. तीन संपल्या की वेव्हर्समधून काढल्याशिवाय, म्हणजे बाकीच्या संघांना तो घेण्याची संधी दिल्याशिवाय, त्याला खाली पाठवता येत नाही, आणि चांगला असेल तर वाटेत कुणीतरी उचलतोच.

टकरच्या सौद्यात बऱ्याच जणांकडून एक गोष्ट सुटली. मोकळ्या होणाऱ्या खेळाडूला संघ एक वर्षाची क्वालिफाइंग ऑफर देऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती २ कोटी २० लाख २५ हजारांची होती. खेळाडूने ती नाकारून दुसरीकडे सही केली तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. अट अशी की तो हंगामभर त्याच संघात असावा आणि त्याला पूर्वी कधी ही ऑफर मिळालेली नसावी. जुलैत विकत घेतलेल्या खेळाडूला ती देता येत नाही, डिसेंबरात घेतलेल्याला येते, आणि एका वर्षासाठी खेळाडू घेणारे संघ हंगामाआधी जास्त किंमत मोजतात त्याचं हे एक कारण. कब्जनी टकरला ती दिली, त्याने नाकारली. ह्यूस्टनच्या बाजूला या सौद्यातून आलेला पारेदेसवरचा हक्क २०२७ पर्यंतचा आहे, आणि स्मिथला मध्येच खाली पाठवलं नाही तर त्याच्यावरचा २०३० पर्यंतचा.