न विरघळणारी नखं

लग्नाला चार दिवस, परवा मेंदी, आणि नवरीच्या दहाही बोटांवर दीड महिन्यापूर्वी दुसरीकडे बसवलेलं ॲक्रिलिक, म्हणजे खऱ्या नखावर चढवलेलं कृत्रिम नख. मुळाशी चारेक मिलिमीटर नवं नख आलेलं, डाव्या अनामिकेवरची कड सुटलेली. काढणं आणि मॅनिक्युअर मिळून दोन तासांचं काम म्हणून घेतलं, लागले चार.

काढायची रीत ठरलेली आहे. वरचा चकचकीत थर १०० ग्रिटच्या फाइलने, म्हणजे नख घासायच्या पट्टीने मोडायचा (ग्रिटचा आकडा लहान तितकी फाइल खरखरीत), शुद्ध ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल गुंडाळायची आणि वीस मिनिटं थांबायचं. दोन्ही हातांना मिळून पन्नासेक मिली पुरतं. रंगीत, सुवासिक रिमूव्हर इथे कामाचा नाही, त्यात बाकीचीच भर जास्त. फॉइलवर गरम टॉवेल ठेवला तर काम लवकर होतं. बाटली मात्र कधी गरम करायची नाही, ॲसिटोनची वाफ चटकन पेटते. चांगलं ॲक्रिलिक एवढ्यात भिजलेल्या साबणासारखं होतं आणि लाकडी काडीने ढकललं की निघतं.

पस्तीस मिनिटांनी फॉइल उघडली. वरून जरा चिकट, आत दगड. फाइल चालवली तर तीही घसरत होती. नखं बसवताना वास डोक्यात गेला होता का, असं विचारल्यावर नवरी म्हणाली, “दोन दिवस जात नव्हता.” खात्री प्रयोगशाळेतच होते, पण या तीन खुणा एकत्र आल्या की संशय ॲक्रिलिक बनवायच्या लिक्विडमधल्या एमएमएवर, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेटवर जातो. नखांसाठी वापरायचं ते इथाइल मेथाक्रिलेट, ईएमए. एमएमए स्वस्त पडतं म्हणून बिनलेबलच्या बाटल्यांत येतं. अमेरिकेत इजा झाल्याच्या तक्रारींवरून एफडीएने, म्हणजे औषधं-सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७०च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या मालाविरुद्ध कारवाई केली होती. एमएमएचं नख इतकं कडक असतं की हात कुठे आपटला तर ॲक्रिलिक तुटत नाही, खालचं नख उखडतं. लिक्विड घेताना बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती दुकानातच ठेवावी, भाव कितीही चांगला असो.

“ओढून काढा ना ताई, एकदाच काय ते दुखेल,” नवरीच्या आईंचा सल्ला. ओढलं की नखाचे वरचे पापुद्रे सोबत येतात, आणि नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. पातळ झालेलं नख पुढे सरकून जायला सहा महिने. म्हणून मशीन काढलं. कार्बाइड बिट, म्हणजे घासणारं फिरतं टोक, मिनिटाला बारा हजार फेरे, बिट नखाला समांतर आणि सतत सरकता. एका जागी दोन सेकंद थांबलं तरी चटका बसतो. तोंडाला मास्क, हाताखाली धूळ ओढणारा पंखा. मशीन नखापर्यंत न्यायचं नाही. कागदाएवढा थर उरला की हाताने, १८० आणि मग २४० ग्रिट. ८०ची फाइल ट्रॉलीवर असते, पण तिने उघड्या नखाला शिवायचंही नाही.

अनामिकेचं ॲक्रिलिक निघालं आणि खाली मुगाएवढा हिरवा डाग. हे बुरशीचं काम नव्हे, सुटलेल्या कडेखाली पाणी साचून वाढणाऱ्या सुडोमोनास जिवाणूचं. आई हसून म्हणाल्या, “हिरव्या चुड्याला शोभेल!” नवरीला हसू आलं नाही. डागावर रंग चढवून देणं सोपं होतं, पण झाकलं की ओल पुन्हा आतच राहते. ते बोट कोरडं, उघडं ठेवलं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

बाकीच्या नऊ नखांना पाण्यात हात बुडवणं टाळलं. नख पाणी पिऊन फुगतं, सुकताना आकसतं आणि वरची पॉलिश सुटते. क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाची कातडी, मऊ करणारा रिमूव्हरही नाही. त्यात बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा क्षार असतो, चांगल्या नखावर मिनिटभर ठीक, घासून पातळ झालेल्यावर नको. फक्त सुटी मेलेली कातडी निपरने, म्हणजे कातडी कापायच्या छोट्या चिमट्याने घेतली. निपर विकत घेताना पाती मिटवून उजेडापुढे धरावा, फट दिसली तर नको. मग ओला टिश्यू टोकाने कापून पाहावा. फाटला, ओढला गेला तर तो कातडीलाही ओढणार आणि जखम करणार. क्रोमचा मुलामा दिलेला निपर नवा असताना चमकतो, पण जंतुनाशकात राहून मुलामा उडतो आणि सांध्यात गंज धरतो.

हळदीचा विचारही होताच. उघडं नख हळदीने पिवळं पडतं, म्हणून नऊ नखांवर बिनरंगी बेसकोटचे दोन पातळ हात दिले, नखाच्या पुढच्या कडेवरूनही ब्रश फिरवून. अनामिका हळदीत बुडवायची नाही, आणि मेंदीच्या सकाळी हाताला तेल नाही, तेलकट कातडीवर रंग चढत नाही, एवढं बजावलं. हळद उतरल्यावर ॲसिटोन नसलेल्या रिमूव्हरने, कापूसकाडीने नखापुरतंच पुसायचं आणि मग लाल रंग.

त्या अनामिकेची फाइल आणि काडी लगेच कचऱ्यात गेली. एरवीही कागदी फाइल एका गिऱ्हाइकापुरतीच. बिट आणि निपर ब्रशने धुऊन, पुसून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, १२१ अंशांवर वीस मिनिटं. निळ्या दिव्याच्या पेटीत हत्यारं नुसती ठेवता येतात, निर्जंतुक होत नाहीत. तापणं, निवणं धरून तास गेला. तोवर पुढची गिऱ्हाईक आली होती, तिच्यासाठी दुसरा संच उघडला.