अक्षतांच्या वेळी स्ट्रीम का अडकते: सोलापूरहून पुढची नोंद

मागच्या नोंदीत लाइव्ह व्हिडिओ पाठवायची आरटीएमपी ही जुनी पद्धत सोडून एसआरटी या नव्या पद्धतीवर आल्याचं लिहिलं होतं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी मांडणी थोडक्यात: कॅमेरा, कॅप्चर कार्ड, रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक), ४जी डोंगल, मुंबईतला भाड्याचा छोटा सर्व्हर आणि तिथून एचएलएसने, म्हणजे व्हिडिओचे छोटे तुकडे करून, घरोघरी. प्रेक्षक म्हणजे पुण्या-हैदराबादकडे पांगलेले नातेवाईक. खरी परीक्षा जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत.

सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) संमती कट्ट्यापाशी येतात, संमती वाचन होतं आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम'च्या गजरात चहूबाजूंनी अक्षता उडतात. एन्कोडरच्या, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दृष्टीने याहून वाईट दृश्य नाही. व्हिडिओ कॉम्प्रेशनचा सगळा डाव 'मागच्या फ्रेममधलं बरंचसं याही फ्रेममध्ये आहे' यावर चालतो, आणि इथे पडद्यावर हजारो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. बिट जास्त लागतात. नेमक्या त्याच क्षणी भोवतालची गर्दी मोबाइल वर करून लाइव्ह जाते आणि टॉवरचा अपलोड तुंबतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. माझं सगळं काम या एका मिनिटाभोवती फिरतंय.

आरटीएमपी टीसीपीवर चालतं, म्हणजे सगळी पॅकेटं (डेटाचे छोटे गठ्ठे) क्रमानेच पोचवण्याच्या नियमावर. एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागची सगळी खोळंबतात. एसआरटी यूडीपीवर चालतं, तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. पॅकेटांना क्रमांक असतात, कुठला क्रमांक आला नाही ते समोरचा कळवतो आणि तेवढंच पुन्हा जातं. ठरलेल्या मुदतीत आलं नाही तर त्यावर पाणी सोडून पुढे जायचं. ही मुदत म्हणजे 'लेटन्सी' सेटिंग, आणि सगळी मेख तिथेच आहे. मूळ किंमत १२० मिलिसेकंद. घरात ती पुरते. यात्रेतल्या लॉगमध्ये जाऊन-येऊन लागणारा वेळ ३०० मिलिसेकंदांच्या वर गेलेला दिसतो. म्हणजे 'पॅकेट मिळालं नाही' हा निरोप पोचेपर्यंतच मुदत संपलेली, पॅकेट परत यायचं कुठून? साधारण नियम असा की या वेळेच्या चौपट मुदत द्यावी. मी तो सरासरीला न लावता सगळ्यात वाईट आकड्याला लावतो आणि वर थोडी ढील देतो. सध्या २५०० वर आहे.

आता घरच्या चाचण्या. लिनक्समधल्या नेटेम या खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या साधनाने मुद्दाम ५ टक्के पॅकेटं पाडली, चित्रावर ओरखडासुद्धा नाही. पण ती पाडापाडी सुटी-सुटी होती. मोबाइल नेटवर्क तसं वागत नाही, ते झुंडीने गिळतं: बराच वेळ सगळं सुरळीत, मग एकदम मोठा घास. गिल्बर्टने १९६० मध्ये याच वागण्याचं गणित मांडलं, एक 'चांगली' अवस्था आणि एक 'वाईट'. इलियटने १९६३ मध्ये ते पुढे नेलं. नेटेममध्ये हे मॉडेल तयार मिळतं. सरासरी ५ टक्केच ठेवून ते लावलं, आणि जुन्या १२० वर चित्राच्या चिंध्या झाल्या. २५०० वर क्वचित एखादा ठिपका. तेव्हा 'माझ्याकडे लॉस (हरवलेली पॅकेटं) इतके टक्के' एवढंच कुणी सांगितलं तर त्यावरून काही ठरवता येत नाही. घास केवढा होता ते सांगा.

एफईसी, म्हणजे हरवलेलं भरून काढायला आधीच जादा पॅकेटं पाठवणं, लावून पाहा, असं काहींनी सुचवलं होतं. लावलं. दहा बाय दहाच्या चौकटीत ओळीला एक आणि स्तंभाला एक जादा पॅकेट, म्हणजे १०० मागे २० जास्त. ओळीतलं एक हरवलं तर परत मिळतं, सलग हरवली तर स्तंभ सावरतात. फायबरवर झकास. पण टॉवर आधीच तुंबलेला असताना वर २० टक्के ओझं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. अपलोडसाठी ते बंद केलं.

खरा फायदा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट पाठवायचे तो आकडा, नेटवर्कप्रमाणे बदलता ठेवण्यात झाला. एसआरटीच्या आकडेवारीत पाठवायच्या बफरमध्ये किती मिलिसेकंदांचा माल साचलाय ते दिसतं. तो वाढू लागला की छोटी स्क्रिप्ट बिटरेट उतरवते, निवळला की हळूहळू चढवते. त्यासाठी एफएफएमपेगवरून जीस्ट्रीमरवर आलो (दोन्ही व्हिडिओ हाताळायची सॉफ्टवेअर), कारण तिथे एक्स२६४ या एन्कोडरचा बिटरेट चालू असतानाच बदलता येतो. एन्कोडरच्या उधळपट्टीला लगाम घालणारा व्हीबीव्ही बफर एका सेकंदाचा ठेवला. अक्षता उडाल्या तरी एन्कोडर हात सैल सोडत नाही, चित्र थोडं चिखल होतं इतकंच. चित्राचा आकार ७२०पी सोडून ५४०पी केला. फोनवर पाहणाऱ्या कुणाचीही तक्रार नाही.

आवाज मात्र तुटता कामा नये. चित्र पुसट झालं तरी लोक बघत बसतात, 'सत्यम' अर्ध्यात तुटलं की लगेच फोन येतो. म्हणून निव्वळ आवाजाची वेगळी ६४ केबीपीएस धार, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, ४ सेकंदांची मुदत देऊन.

एचएलएसचे तुकडे ४ सेकंदांचे, कीफ्रेम (मागच्यावर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) दर २ सेकंदांनी. सगळं मिळून प्रेक्षक पंधरा-वीस सेकंद मागे असतो. मावशी विचारते, "अरे, टीव्हीवर अक्षता झाल्यासुद्धा, तुझ्या अजून पडायच्यात?" पडतील मावशी, पण अडकणार नाहीत.

एक इशारा उन्हाळ्यात गच्चीवर चाचणी घेणाऱ्यांना. रास्पबेरी पाय ८० अंशांवर गेला की स्वतःहून मंदावतो, एन्कोडर मागे पडतो आणि दोष नेटवर्कचा वाटतो. पॅकेट लॉस शून्य आणि तरी चित्र अडखळतंय, तर आधी पंखा बघा. इथे एप्रिलमध्ये सावलीतसुद्धा पंख्याशिवाय भागत नाही.

पुढचा मुक्काम नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ. तिथे कॅमेराच चालता असणार, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना काही क्षण सगळंच बंद. दोन्ही सिमवर एकच चित्र वाटून पाठवायचा विचार आहे. ज्यांनी एसआरटीएलए (एसआरटीची धार अनेक जोडण्यांवर वाटणारं साधन) चालत्या वाहनावर वापरलंय त्यांनी सांगा: एक सिम गेलं की दुसऱ्यावर सगळा भार पडतो, तेव्हा बिटरेट उतरायला तुमच्याकडे किती वेळ लागतो?