तुम्ही लाल केलं होतं ना, म्हणून काढलं

कॉलेजात लेखनाचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला, तेव्हा तपासणीत कसूर करायची नाही असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ३४ मुलं, एकेका निबंधाला वीस मिनिटं. पहिल्या निबंधासाठीच मी अकरा तासांहून जास्त वेळ लाल पेन घेऊन बसले. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, अर्धवट वाक्यं, काही म्हणून सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी दुसरे खर्डे आले. त्यात एका मुलीचा आजीवरचा निबंध होता. शुद्धलेखन चोख, परिच्छेद नीट पाडलेले, तरी वाचताना काहीतरी गेल्यासारखं वाटत राहिलं. मधोमध वाक्य होतं: ‘वार्धक्यात स्मरणशक्तीवर विपरीत परिणाम होतो.’ पहिला खर्डा काढून ताडून पाहिला. त्याच जागी तिने लिहिलं होतं, ‘आजी मला आता नावाने नाही, पावलांनी ओळखते.’ खाली माझी लाल रेघ, आणि समासात माझ्याच अक्षरात: ‘संदिग्ध. स्पष्ट करा.’

तास संपल्यावर मी तिला थांबवलं. “हे वाक्य का गं काढलंस?”

“मॅडम, तुम्ही लाल केलं होतं ना, म्हणून काढलं.”

आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तर ते जास्तच लागलं. मला म्हणायचं होतं, ‘इथे थांब, अजून सांग.’ तिला कळलं, ‘हे चुकलं.’ आणि कळणार तरी काय? चुकलेल्या वेलांटीला आणि तिच्या सर्वांत चांगल्या वाक्याला मी एकच रंग दिला होता.

तपासणीविषयी शोधाशोध करताना रिचर्ड हॅस्वेल या अमेरिकी प्राध्यापकांचा १९८३ सालचा लेख वाचनात आला. शुद्धलेखन-विरामचिन्हांच्या चुका ते दुरुस्त करून देतच नसत. ज्या ओळीत चूक, तिच्यासमोर समासात फक्त खूण. शोधायचं काम विद्यार्थ्याचं. निम्म्याहून जास्त चुका मुलं आपणहून सुधारत होती. मी लाल पेन बाजूला ठेवलं.

त्या मुलीला मात्र आधी पहिला खर्डा मोठ्याने वाचायला लावला. त्या वाक्यापाशी ती आपोआप थबकली.

“पावलांनी म्हणजे कसं?”

“मी जिन्याची शेवटची पायरी नेहमी गाळते. तो ठेका तिला कळतो. मी दारात यायच्या आधीच विचारते, आलीस का?”

“मग हे कुठे लिहिलंयस?”

“हे काय लिहायचं, असं वाटलं मॅडम.”

तिसऱ्या खर्ड्यात पायरी आली, ठेका आला, ‘आलीस का’सुद्धा आलं. ‘जिना’ तिने दोनदा दीर्घ लिहिला होता. त्या दोन ओळींसमोर मी पेन्सिलीने बारीक टिंबं दिली आणि कागद तिच्या हातात ठेवला.